आलेखावरचं टेंगूळ

आबांचं विज्ञान चुकलं होतं, आणि मिथिलाने ते खुर्चीवर बसून सिद्ध केलं होतं.

सोनजाईच्या डोंगराच्या पोटात, लांबलचक बोगद्याच्या टोकाला असलेल्या प्रयोगशाळेत ती सुट्टीसाठी आली होती. तिथल्या गुळगुळीत फरशीवर ती सकाळपासून चाकांची खुर्ची घेऊन खटपट करत होती. आधी तिने पाय वर उचलले आणि प्लास्टिकचा चेंडू होता नव्हता तेवढा जोर लावून समोर फेकला. खुर्ची जेमतेम बोटभर मागे सरकली. मग तितकाच जोर लावून तिने एक जाडजूड शब्दकोश फेकला. या वेळी खुर्ची गडगडत मागे गेली आणि मागून येणाऱ्या सांडशीवर आदळली.

सांडशी हा तिथला यंत्रमानव. खरं नाव काहीतरी आकड्यांचं होतं, पण तिचे हात थेट स्वयंपाकघरातल्या सांडशीसारखे असल्यामुळे ते आकडे कुणाच्या लक्षात राहिले नव्हते. ती लहानथोर सगळ्यांना ताई आणि राव म्हणत असे.

"मिथिलाताई, शब्दकोश फेकण्यासाठी नसतो," सांडशी तो उचलत म्हणाली.

"मला ठाऊक आहे गं. पण आबांचा आलेख उलटा आहे, त्याचं काय?"

"कुणाचा आलेख उलटा आहे?" आबा नेमके तेव्हाच चष्मा पुसत आले. डॉक्टर दिगंबर केळुसकर म्हणजे मिथिलाचे आजोबा. तीस वर्षं ते एकाच कणाच्या मागे लागले होते, आणि प्रयोगाची ही त्यांची शेवटची फेरी होती. ती संपली की निवृत्त होऊन ते मिथिलाच्या घरी राहायला येणार होते.

मिथिलाने कमरेवर हात ठेवले. "तुमचा! खाणावळीच्या पडद्यावर लावलाय तो. त्यात मधे एक उंच डोंगर आहे आणि त्याच्या डावीकडे छोटंसं टेंगूळ. तुम्ही म्हणालात, अणूमधून नेहमीचा हलका कण बाहेर पडला की अणूला जोरात धक्का बसतो, तो डोंगर. आणि एखाद वेळी जड कण बाहेर पडला की धक्का कमी बसतो, ते टेंगूळ. पण जड वस्तू फेकली की धक्का जास्त बसतो! मी करून पाहिलंय. टेंगूळ उजवीकडे हवं."

दुसरे कुणी आजोबा असते तर म्हणाले असते, मोठी झालीस की कळेल. आबांचा चेहरा मात्र वाढदिवसाची भेट मिळावी तसा खुलला.

"शाब्बास! अगं, आमच्याकडे संशोधनाला येणारी मोठी मुलंसुद्धा इथेच आपटतात. चल, चहा घेऊ. हे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. आणि ती खुर्ची बरोबर घे."

खाणावळीत त्या वेळी कुणी नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर आलेख झळकत होता. आबांनी बशीत चहा ओतला. प्रयोगशाळेत उणे दोनशे त्र्याहत्तर अंशांच्या आसपास काम करणाऱ्या या माणसाला गरम चहा काही सोसत नसे.

"गोफण पाहिलीस ना? पाखरं हाकलायला शेतात वापरतात ती?" त्यांनी सुरुवात केली. "ती गरगर फिरवली की दगड निसटायला बघतो, पण दोरी त्याला धरून ठेवते. जितकी वेगाने फिरवशील, तितकी दोरी मजबूत हवी. दीर्घिकांमधले (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमधले) तारे असेच मध्याभोवती फिरतात. त्यांना धरणारी दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. पण गंमत अशी, की दिसणारे तारे, वायू, धूळ सगळं जमेला धरलं तरी ही दोरी फार कच्ची निघते. कडेचे तारे इतके वेगात फिरतात की ते कधीच भिरकावले जायला हवे होते."

"पण गेले नाहीत."

"नाही गेले."

"म्हणजे त्यांना अजून कुणीतरी धरून ठेवलंय."

"अगदी बरोबर. ते प्रकाश देत नाही, अडवत नाही, दिसत तर अजिबात नाही. पण ओढतं. त्याला कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) म्हणतात. आणि ते आपल्या नेहमीच्या द्रव्याच्या पाचपटीहून जास्त असावं."

"ते कशाचं बनलंय?"

"ते कळलं असतं तर मी या वयात बोगद्यात कशाला बसलो असतो?" आबा हसले. "त्या जागेसाठी उमेदवार पुष्कळ आहेत. निवडून अजून कुणीच आलेलं नाही. आमचा उमेदवार न्यूट्रिनोंच्या घरातला आहे. न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण) तुला ठाऊक आहे. आत्तासुद्धा दर सेकंदाला सूर्याकडून आलेले अब्जावधी न्यूट्रिनो तुझ्या अंगठ्याच्या नखातून आरपार जाताहेत."

मिथिलाने नखाकडे निरखून पाहिलं. नख नेहमीसारखंच होतं, कडेला थोडी शाई लागलेलं.

"डोंगरातूनसुद्धा येतात?"

"डोंगर काय, अख्ख्या पृथ्वीतून जातात. डोंगर आपण घेतलाय तो अवकाशातून पडणारे इतर कण अडवायला, छत्रीसारखा. तर न्यूट्रिनोंचे तीन प्रकार आपल्याला माहीत आहेत. ते भलतेच हलके आणि भलतेच पळपुटे. दीर्घिका धरून ठेवणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. पण शंका अशी आहे, की त्यांचा एखादा जड भाऊ असावा. तिघं निदान क्वचित कुणाला तरी धडकतात. हा तेवढंही करत नाही. त्याला म्हणतात स्टराइल न्यूट्रिनो. आम्ही इथे अलिप्त न्यूट्रिनो म्हणतो."

"कुणाशीच काही संबंध ठेवत नाही, तर तो सापडणार कसा?"

"फार फार क्वचित तो साध्या भावाच्या जागी हजेरी लावून जात असावा. आम्ही त्या हजेरीवर टपून बसलोय." आबांनी बशी बाजूला सारली. "आमच्या चिपमध्ये बेरिलियम-सात नावाचे अणू पेरलेले आहेत. हा अणू कधी ना कधी स्वतःभोवतीचाच एक इलेक्ट्रॉन गिळतो आणि त्याचा लिथियम होतो. त्या क्षणी एक न्यूट्रिनो बाहेर उडतो आणि लिथियमला उलट दिशेने धक्का बसतो. न्यूट्रिनो तर निसटतो, पण धक्का चिपमध्येच राहतो. ती अतिवाहक (खूप थंड केल्यावर विजेला जराही अडथळा न करणारी) आहे, त्यामुळे इतका बारीक धक्कासुद्धा तिला कळतो."

मिथिला ताडकन उठली. "म्हणजे तुम्ही खुर्ची किती मागे गेली ते पाहता, आणि त्यावरून काय फेकलं ते ओळखता!"

"हो! मी तीस वर्षं भाषणं देतोय, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही. साधा न्यूट्रिनो उडाला की प्रत्येक वेळी धक्का सारखाच. ते सगळे एकाच जागी साठतात, त्यांचा झाला डोंगर. आता सांग, तू फेकलेला शब्दकोश कुणी बनवला?"

"मला काय माहीत! छापखान्यात बनवला असेल."

"म्हणजे तुला तो तयार मिळाला. अणूला तयार मिळत नाही. सांडशी, स्वयंपाकघरातल्या शेवंताबाईंकडून थोडी कणीक आण बरं. एक मळलेला गोळा आण आणि एका गोळ्याचं कोरडं पीठ."

सांडशी कणीक घेऊन आली आणि निरोपही घेऊन आली. पोळ्या कमी पडल्या तर केळुसकरांनी जेवायला बसू नये, असा तो निरोप होता.

"मी दहा म्हणेपर्यंत तुझ्याकडे जेवढी ताकद आहे, ती तुझी शिदोरी," आबा म्हणाले. "पहिल्यांदा तयार गोळा घे."

मिथिला खुर्चीत बसली, दहापर्यंत दम साठवला आणि गोळा भिरकावला. सांडशीने तो झेलला. खुर्ची चांगली हातभर मागे सरकली.

"आता हे पीठ घे. पाणी घाल, मळ, गोळा कर आणि फेक. माझे दहा व्हायच्या आत."

पुढे जे झालं ते शेवंताबाईंनी पाहिलं नाही हे बरं. पीठ टेबलावर, फ्रॉकवर, एका वेणीवर. आबांचं "नऊ" आलं तेव्हा कुठे गोळ्यासारखं काहीतरी तयार झालं, आणि "दहा" म्हणताना मिथिलाने ते थकल्या हाताने कसंबसं पुढे टाकलं. खुर्ची जागची हलली असेल नसेल.

धापा टाकता टाकता ती थांबली. मग हळूच म्हणाली, "घडवण्यातच ताकद संपली."

"संपली ना? न्यूट्रिनो आधीपासून अणूत बसलेला नसतो. तो त्याच क्षणी घडतो. ऊर्जेपासून वस्तुमान बनतं, आणि जड कण घडवायचा तर ऊर्जा जास्त खर्ची पडते. अणूची शिदोरी तर ठरलेली, वरून वाढून मिळत नाही. मग उडवायला थोडीच उरते..."

"...आणि धक्का कमी बसतो! म्हणून टेंगूळ डावीकडे!" मिथिलाने पडद्याकडे पाहिलं. टेंगूळ होतं तिथेच होतं, पण आता ते तिला चक्क समजत होतं. तिच्या अंगावर काटा आला. "आबा! म्हणजे तुम्हाला तो सापडला! मग कुणी पेढे का नाही वाटत?"

आबा एकदम गंभीर झाले. "कारण ते मीठ असू शकतं."

मग त्यांनी तिला प्रयोगशाळेतली एक विचित्र रीत सांगितली. दर फेरीत सांडशी खऱ्या नोंदींमध्ये काही खोट्या नोंदी मिसळते, किंवा मुद्दाम काहीच मिसळत नाही. त्या खोट्या नोंदींना इथे मीठ म्हणतात. घातलं का, किती आणि कुठे, हे सांडशीखेरीज कुणाला ठाऊक नसतं. सगळी तपासणी पुरी झाल्यावर, सगळे निर्णय घेऊन झाल्यावर मगच मीठ उपसायचं.

"पण स्वतःच स्वतःला फसवायचं? का?"

"कारण माणसाला जे हवं असतं तेच दिसतं. मला हे टेंगूळ खरं हवंय, मिथू. फार हवंय. म्हणून तर माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही." आबा पडद्याकडे पाहत राहिले. "आज रात्री जेवणानंतर शेवटचा निर्णय आहे. चौथी चिप थंडावा राखणाऱ्या पंपाच्या जवळ आहे, तिच्यात थरथर शिरल्याचा संशय आहे. तिच्या नोंदी ठेवल्या तर टेंगूळ फुगतं, काढल्या तर बारीक होतं. तांबोळी मॅडम प्रमुख आहेत, पण चिपा मी बनवल्यात म्हणून हा निर्णय त्यांनी माझ्यावर सोपवलाय. उद्या सकाळी मीठ उपसणार."

आबा कामाला गेले आणि मिथिला मार्गिकेत येऊन बसली. तिला पीठ झटकायचंही सुचेना. टेंगूळ खरं असलं तर आबा हसत घरी येतील. मीठ असलं तर? तीस वर्षं शोधून रिकाम्या हाताने घरी आलेले आबा तिच्या डोळ्यांसमोर यायला लागले, आणि तिला ते मुळीच आवडले नाहीत. निदान आपल्याला आधी कळलं तर त्यांची समजूत कशी काढायची ते ठरवता येईल, असं तिला वाटलं.

सांडशी शब्दकोशाचं फाटलेलं पान चिकटवत होती.

"सांडशी, तू मीठ घातलंस का, हे कुणालाच सांगत नाहीस?"

"गटातल्या सात माणसांना सांगायचं नाही, असा नियम आहे. सातही नावं नियमात लिहिलेली आहेत."

"त्यात माझं नाव आहे?"

"नाही, मिथिलाताई. तुम्ही विचारलंत तर मला उत्तर द्यावं लागेल."

नियम करणाऱ्यांनी सुट्टीत येणाऱ्या नातींचा विचारच केला नव्हता! प्रश्न अगदी ओठांवर आला होता. आणि त्याच वेळी, कोण जाणे कुठून, मिथिलाला बदाम सात आठवला.

रोज जेवणानंतर ती आणि आबा पत्ते खेळत. बदाम सातात हातातलं पान अडवून ठेवायचं तर चेहरा कोरा ठेवावा लागतो. मिथिलाला ते जन्मात जमलं नव्हतं. पान अडवलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल होई. "चौकटची सत्ती तुझ्याकडेच आहे," असं आबा नुसते नाकाकडे बघून सांगत, आणि ते कधीच चुकत नसत. आज आबा तिच्यासमोर बसून जेवणार होते, आणि जेवण झालं की लगेच चौथ्या चिपचा निर्णय घेणार होते.

आपल्याला कळलं, की आबांना कळलं. आणि आबांना कळलं, की फेरी नासली.

"सांडशी," ती घाईघाईने म्हणाली, "मी काही विचारलेलं नाही. लक्षात ठेव. मी विचारलेलं नाही!"

"नोंद घेतली. तुम्ही विचारलेलं नाही."

ती उठून सरळ हात धुवायला गेली. वळताना तिला काचेच्या दारापलीकडे आबांची पाठमोरी आकृती दिसल्यासारखं वाटलं.

जेवताना आबा फार बोलले नाहीत. मिथिलाने दोनदा भात घेतला, पोळ्या पुरल्या म्हणून शेवंताबाईंचे आभार मानले आणि मुद्दाम शाळेच्या गोष्टी सांगितल्या. आबा ताटावरून उठले, बैठकीला गेले आणि परत येताना एवढंच म्हणाले, "चौथी चिप काढली."

सकाळी सगळे पडद्यासमोर जमले. फरीदा तांबोळी मॅडमनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "निर्णय सगळे झालेत. आता मागे फिरायचं नाही. सांडशी, मीठ उपस."

सांडशीने काही आवाज केला नाही की दिवे लुकलुकवले नाहीत. पडद्यावरचं टेंगूळ बसत गेलं, आणखी बसलं आणि सपाट झालं. डोंगराच्या डावीकडे फक्त एक शांत रेघ उरली.

टेंगूळ सगळंच्या सगळं मीठ होतं.

मिथिलाला आबांकडे पाहवेना. पण आबा पुढे झाले होते. "मॅडम, आता उघडलंच आहे, तर चौथी चिप परत घालून दाखवता? नुसतं बघायला."

मॅडमनी चौथ्या चिपच्या नोंदी मिसळल्या. सपाट रेघेवर पुन्हा एक टेंगूळ आलं, लहानसं पण अगदी हुबेहूब. मग मॅडमनी पंपाच्या थरथरीचा आलेख शेजारी ठेवला. दोन्हींचे उंचवटे जोडीने वर जात होते, जोडीने खाली येत होते.

"पंप!" आबा जवळजवळ ओरडले. "मेला पंप आहे तो! चिप ठेवली असती तर मीठ उपसूनही हे उरलं असतं, आणि आपण जगाला सांगून बसलो असतो!" आणि ते पोटभर हसायला लागले. मॅडमही हसल्या, आणि मग सगळेच.

सगळे पांगल्यावर मिथिलाने त्यांचा हात धरला. "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. रेघ सपाट झाली तेव्हा फार वाटलं." आबा खुर्चीत बसले. "पण ऐक. सांडशीने लपवलेलं चिमूटभर मीठ आम्हाला सापडलं. म्हणजे या वजनाचा अलिप्त न्यूट्रिनो त्या मिठाइतक्या वेळा आला असता, तर तोही सापडला असता. माझा चष्मा हरवतो तेव्हा आपण काय करतो? एकेक खण पाहतो. आता हा खण नीट पाहून झाला. कुणाला पुन्हा उघडायला नको. पुढच्या फेरीत शंभर चिपा येणार आहेत, याहून हलके आणि याहून दुर्मीळ कण शोधणार आहेत. मी घरून पाहीन. मीच बनवलेल्या चिपा आहेत त्या."

मग ते थोडे घुटमळले.

"आणि एक सांगायचंय, मिथू. काल मी तुला सांडशीजवळ बसलेलं पाहिलं. नियमात तुझं नाव नाही, हे मलाही तेव्हाच सुचलं. जेवताना मी सारखा तुझ्या नाकाकडे बघत होतो. लाल आहे का, ते बघत होतो."

"तुम्ही?"

"मीच. तीस वर्षं सगळ्यांना शिकवतोय बघायचं नाही म्हणून, आणि मीच बघत होतो. नाक लाल दिसलं असतं, तर तू वाईट बातमी लपवतेयस, म्हणजे टेंगूळ मीठ आहे, असं मी धरलं असतं. मग काहीतरी हाती राहावं म्हणून मी चौथी चिप ठेवली असती. शपथेवर सांगतो, ठेवलीच असती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण तुझं नाक अगदी कोरं होतं. मग मला नाइलाजाने चिपकडेच बघावं लागलं."

मिथिलाने खुर्ची ओढून आबांच्या शेजारी आणली. डाव्या बाजूची सपाट रेघ तिला आता रिकामी वाटत नव्हती. आबांनी झाडून पुसून ठेवलेल्या खणासारखी वाटत होती.

"आबा, पुढच्या फेरीचं मीठ कधी उपसणार?"

"पुढच्या सुट्टीच्या सुमारास. मॅडमनी मला पाहुणा म्हणून बोलावलंय. का गं?"

"मीपण येणार," मिथिला म्हणाली. "आणि आदल्या दिवशी तुमच्यासमोरच जेवायला बसणार."